नवी राळ

लोक म्हणतात, वय झालं की माणूस निवळतो. माझं वय झालं, गुडघे गेले, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पण हौसावहिनीचं नाव कुणी कौतुकानं घेतलं की अजूनही माझ्या पोटात दुखतं. ती माझ्या सख्ख्या भावाची बायको. आज आम्ही दोघी खांदा कॉलनीत एकाच सोसायटीत वरच्या-खालच्या मजल्यावर राहतो. वाटीनं कालवण वर जातं, वाटीनं कालवण खाली येतं. तिचं कालवण नेहमी चांगलं झालेलं असतं, म्हणून मी मुद्दाम निरोप पाठवते की मीठ जरा कमी पडलं होतं. त्यावर ती हसते. ते हसणं खालच्या मजल्यावरून मला ऐकू येतं. या सगळ्याची सुरुवात कुठून झाली ते सांगायचं, तर आधी राळेबद्दल सांगायला हवं.

आमचं घर पनवेलच्या बंदराकडं, अगदी खाडीला पाठ लावून होतं. मागच्या दारातून बाहेर पडलं की थोडे माड, मग चिखल आणि मग पाणी. माडांखाली आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शेड होतं. शेड म्हणजे वर झावळ्या आणि चारी बाजूंनी मोकळं. आबा होड्या आणि मचवे दुरुस्त करायचे. तेव्हा वाशीचा पूल नव्हता आणि कौलं, मीठ, पेंढा असला बराच माल मचव्यांनीच मुंबईला जायचा. उधाणाच्या भरतीला मचवा आमच्या दारात चढवायचा आणि पुढच्या उधाणाला पाण्यात सोडायचा, मधल्या दिवसांत काय ते काम. फळ्यांच्या सांध्यांतून कापसाचा पीळ ठोकून बसवायचा, त्याचा ठकठक ठकठक आवाज दिवसभर चालायचा. पाहुणे आले की म्हणायचे, इथं झोप कशी येते तुम्हाला. आम्हाला तो आवाज थांबला की जाग यायची.

पीळ ठोकून झाला की सांध्यावर राळ ओतायची. राळ म्हणजे झाडाचा डिंकच, बाजारात खड्यांनी मिळायचा. तो कुटायचा, तेलात घालायचा आणि मंद विस्तवावर कढईत घोटत बसायचं. हे काम माझं होतं. परकर सावरून चुलीपुढं बसता येऊ लागलं तेव्हापासून माझं होतं. माझ्या भावाला, दामूदादाला, त्यात रस नव्हता, आय चुलीला आणि बाजाराला पुरून उरत नव्हती, आणि आबांचं म्हणणं असं की राळेला पोरीचा हात लागतो. राळ कच्ची राहिली तर गळते, जास्त झाली तर उन्हानं तडकते. ती झाली की नाही हे आबा कढईत बघून ठरवत नसत. मी पळीतला थेंब पाण्यात टाकायचा, जरा निवला की तळहातावर चोळायचा आणि तो तळहात आबांच्या नाकाशी न्यायचा. हातातलं काम न सोडता ते डोळे मिटून हुंगायचे आणि म्हणायचे, "होऊ दे अजून जरा." मी परत जाऊन बसायचे. पुन्हा हात घेऊन यायचे. मग कधीतरी ते म्हणायचे, "झाली. कार आता." कार म्हणजे काढ, कढई उतरव. ते 'झाली' ऐकण्यासाठी मी दिवसभर धूर खायला तयार असायचे. शाळेत मला कुणी कधी शाबास म्हटलं नाही, आणि मला त्याची गरजही वाटली नाही.

राळेला हात घालण्याआधी कोपरापर्यंत खोबरेल चोळायचं, हा आमच्या शेडातला शिरस्ता. तेलाच्या हाताला राळ चिकटत नाही, चटकाही कमी बसतो. हात चोळून झाले की उरलेलं तेल घरच्या लेकीनं होडीच्या पुढच्या टोकाला पुसायचं, मगच कामाला लागायचं. लग्नात नवरीला तेल लावतात ना, तसंच काहीसं. तो मानही माझाच. म्हणजे आमच्याकडं आलेली कुठलीही होडी माझा हात लागल्याशिवाय पाण्यात गेली नाही. हे मी फुशारकीनं सांगते आहे, आणि फुशारकी मारायला मला आता कुणाची परवानगी नको.

दादाला मुंबईत गोदीजवळच्या एका कारखान्यात काम लागलं. तिथं लाँचा दुरुस्त व्हायच्या. मग त्याचं लग्न ठरलं आणि मोऱ्याच्या बंदरावरची हौसा आमच्या घरात आली. लग्नानंतर काही महिने ती दादाबरोबर मुंबईच्या खोलीत राहिली, मग कारखान्यानं दादाला घरी बसवलं तसे दोघं पनवेलला परतले. ती आली आणि घराचा आवाजच बदलला. तिला हळू बोलता येत नसे. मोऱ्याला लाँचवर चढणाऱ्या माणसांना ओरडून मासळी विकायची सवय, ती इथं स्वयंपाकघरातही तशीच बोलायची. आणि हसायची. आमच्याकडं बायका हसताना तोंडावर पदर घ्यायच्या, ही मागं मान टाकून हसायची. मला वाटलं आबा रागावतील. आबा म्हणाले, "घरात मानूस आल्यासारखा वाटते." मी जन्मल्यापासून त्या घरात होते.

मग जेवणाचं. आबांना सुकटीची चटणी लागायची आणि ती मी करायचे. वहिनीनं एकदा निवट्यांचं कालवण केलं. खाडीच्या चिखलात टुणटुण उडणारे ते मासे आम्ही गरिबाचं खाणं समजून कधीतरीच करत असू. तिनं त्यात कैरी टाकली आणि शेवटी वरून लसणाची फोडणी दिली. आबांनी ताट पुढं केलं, पुन्हा केलं, आणि माझी चटणी ताटाच्या कडेला तशीच सुकत राहिली. आय मला म्हणाली, "तोंड कशाला वाकरं करतंस? चांगला जाला त चांगला बोलाचा." मी उठून ती चटणी कोंबड्यांना घातली.

तरी शेड माझं होतं. स्वयंपाकघर घे बाई, म्हटलं, कढई माझी आहे. आणि मग एके दिवशी दादानं खोलीतलं सामान आणलं, त्यात पत्र्याचे दोन डबे निघाले. एक मोठा, एक लहान. मोठ्यात मधासारखं दाट काहीतरी होतं. लहान डबा उघडल्याबरोबर वास आला तो शिळ्या मासळीचा, पण मासळीचा नव्हे, नाकात वरपर्यंत चढणारा. दादा म्हणाला, "आबा, ही नवी राळ. हिला इस्तू लागत नाय." मोठ्या डब्यातल्याला तो रेझिन म्हणायचा आणि लहान डब्यातल्याला हार्डनर. दोन्ही एकत्र केलं की ते आपोआप गरम होतं, घट्ट होतं आणि दगडासारखं बसतं. बरोबर काचेच्या धाग्यांचं पांढरं कापड होतं. ते लाकडावर ठेवून त्यात ही राळ जिरवायची, की लाकूड आणि कापड एकजीव. कारखान्यात लाँचांचे तळ असेच करतात म्हणे. आणि मग माझ्याकडं न बघता त्यानं सांगितलं, "हौसाला येते करता. खोलीवर मी शिकत होतो तवा तीच मापून द्याची." विस्तव लागत नाही हे शब्द मी ऐकले आणि माझ्या कढईकडं बघितलं. ती चुलीवर पालथी होती.

पहिलं मोठं काम आलं ते हसनचाचांच्या मचव्याचं. हसनचाचा पनवेलचेच, कौलांची ने-आण करायचे, आबांचे जुने गिऱ्हाईक. मचव्याच्या पुढच्या भागात तळाला दोन्ही बाजूंनी पाणी येत होतं आणि जुना सांधा धरत नव्हता. येत्या अमावास्येच्या उधाणाला मचवा पाण्यात जायलाच हवा होता, कारण कौलं बंदरावर पडून होती आणि पुढं पाऊस. वैशाखाचं ऊन होतं. चाचा म्हणाले, "उस्ताद, तुमी म्हनाल ते. पण अल्लाच्या वास्ते पानी बंद करा." आबांनी दादाच्या डब्यांकडं बघितलं आणि नवी राळ लावायचं ठरवलं.

आता आबा म्हणजे कढईभर राळ एका वेळी काढणारा माणूस. दादा आणि वहिनी सांगत होते की थोडं थोडं कालवायचं, एका मापाच्या वाटीनं मोजून. आबांना ते चिंगूसपणाचं वाटलं. दादा कापड कापायला गेला तेवढ्यात आबांनी माझी कढई सुलटी केली, मोठ्या डब्यातलं निम्म्याहून जास्त ओतलं, वर लहान डब्यातलं अंदाजानं टाकलं आणि मला म्हणाले, "नमे, घोट." मी घोटायला बसले. मला इतका आनंद झाला होता की काय सांगू. विस्तव नसताना कढई हातांना कोमट लागायला लागली, तेव्हा मला वाटलं, राळ होतेय. मग ती गरम झाली. मग एकाएकी तिच्यातून पांढरा धूर निघाला, कडू, घसा धरणारा, आणि माझा लाकडी डाव आतल्या आत अडकला. मी ओरडले. वहिनी घरातून पळत आली, तोंडावर पदर घट्ट बांधलेला. तिनं मला दंडाला धरून मागं ओढलं, वाऱ्याच्या बाजूला उभं केलं, गोणपाटानं कढईचा कान धरला आणि फरफटत नेऊन ती ओल्या चिखलात, मचव्यापासून लांब सोडली. कढई तिथं बराच वेळ धुरत होती. निवली तेव्हा आतला माल पिवळाजर्द, तडकलेला दगड झाला होता आणि माझा डाव त्यात उभा होता.

आबा घाबरले होते. त्यांनी विचारलं, "हे असा कसा जाला गो?" वहिनीनं परात आणली आणि तिचं ते मोठ्या आवाजातलं बोलणं सुरू झालं. "आबा, भात टोपात दाबून ठेवला त दुपारपर्यंत कोंबट ऱ्हाते का नाय? परातीत पसरला त लगेच निवते. हिचा पन तसाच हाय. ही मुळात गरमच होनारी. खोल भांड्यात मावतंय म्हनून भरायची नाय. परातीत, पातळ, हात चालल तेवडीच. आनी उनाचा कशाला कालवायचा? पाहाटं करू." मग तिनं वाटीनं मोजून दाखवलं. हार्डनर जास्त घातला म्हणजे लवकर होतं असं नाही, उलट काही भाग कायमचा चिकट राहतो, हे सांगितलं. कडा आणि तळ खरवडून कसं मिसळायचं, बुडबुडे येऊ नयेत म्हणून कसं हळू फिरवायचं, ते दाखवलं. आबा उकिडवे बसून बघत होते. त्यांनी हात पुढं केला, परात जरा कलती करून बघितली आणि म्हणाले, "हिच्या हाताला समज हाय." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी कढई चिखलात मरून पडली होती आणि समज हिच्या हाताला होती.

मी दोन घास जेवले आणि उठले. आबा शेडात सुपारी कातरत बसले होते, तिथं जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मना नको का काम? सांगा तसा." आबा म्हणाले, "असा कोन बोलला?" मी म्हटलं, "कोन बोलाया नको. मना डोले हायेत." त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मग म्हणाले, "डावी बाजू हौसा करल. उजवी तू कर. दादा माल मोजून देल. बस?" बस तर बस. मला तेवढंच हवं होतं. एका मचव्याच्या दोन बाजू, आणि उधाणाचं पाणी काय ते सांगेल.

दोन दिवस आम्ही लाकूड तासलं. वहिनीनं सांगितलं, जुनं लाकूड वर्षानुवर्षं तेल प्यालेलं असतं, ते खरवडायचं, सोड्याच्या पाण्यानं धुवायचं, खडखडीत वाळू द्यायचं, मग पॉलिशपेपर मारायचा, तेव्हा कुठं नवी राळ धरते. मी तिच्याहून जास्त घासलं. माझी बाजू तिच्या बाजूपेक्षा पांढरी दिसत होती, हे आयसुद्धा म्हणाली. कामाच्या पहाटे वहिनी दादाचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घालून आली, केस फडक्यात बांधलेले, हातात रबरी मोजे. कारखान्यातून आणलेला तो एकच जोड होता. मला त्या मोज्यांचा भयंकर राग यायचा. दादानं ते मुंबईहून आणले होते, तिच्यासाठी आणले होते, आणि मुंबईहून माझ्यासाठी त्यानं साधी रिबीनही कधी आणली नव्हती. वहिनीनं एक मोजा काढून माझ्यापुढं धरला. म्हणाली, "नमाबाय, एक तुमी घाला, एक मी घालते. एक हात त एक हात." मी म्हटलं, "मोजे घालून राळ लावायची म्हंजे लुगरं नेसून पोहाया जायासारखा. मना लाकूड हाताला लागाया हवा." ती हसली आणि मोजा परत चढवला.

मग मी ते केलं जे त्या शेडात मी जन्मभर करत आले होते. बाटलीतलं खोबरेल घेतलं, कोपरापर्यंत चोळलं आणि मचव्याच्या पुढच्या टोकाला हात पुसला. आबांनी ते बघितलं आणि मान हलवली. दादानं परात दिली. मी आधी सगळं लाकूड तळव्यांनी चाचपून घेतलं, कापड ठेवलं, राळ ओतली आणि दोन्ही तळव्यांनी दाबत, पसरत, बसवत गेले. वहिनी पत्र्याच्या पातळ पट्टीनं राळ सारवत होती, बुडबुडे कडेला ढकलत होती. मी हातानं. तिच्याआधी माझी बाजू झाली. कापड सगळं भिजून काचेसारखं आरपार दिसत होतं आणि त्याखालची मचव्याची शीर न् शीर दिसत होती. तेवढं सुंदर काम मी पुन्हा कधी केलं नाही. हात चिकट झाले होते, ते मी दादाच्या थिनरनं धुतले. वहिनी शेजारी साबण आणि भुसा घेऊन मनगटं घासत होती. ती म्हणाली, "थिनर नको, तो कातडीच्या आत नेते," पण ती ते म्हणाली म्हणूनच मी आणखी थोडा थिनर घेतला.

दुसऱ्या दिवशी आबांनी बोटाच्या पेरानं दोन्ही बाजू वाजवल्या. डावीकडं वाजलं ठक ठक, सरळ लाकडासारखं. उजवीकडं आले आणि आवाज आला ढप. पुढं पुन्हा ढप. मला आवाजांची सवय होती, मला काही सांगावं लागलं नाही. आबांनी कडेला पटाशी घातली आणि माझं कापड सगळंच्या सगळं, एका तुकड्यात, सुटून आलं. हसनचाचा तिथंच होते. ते म्हणाले, "या अल्ला." उधाण दोन दिवसांवर होतं.

आबांनी तो तुकडा उन्हात धरला. आतल्या बाजूला माझे पंजे उमटले होते. दहाही बोटं, रेषांसकट. वहिनी पुढं झाली आणि तिच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाली, "माजाच चुकला, आबा. परात घोटून मीच दिली होती नमाबायला, घाईत नीट मिसळला नसंल." हे खोटं होतं, परात दादानं दिली होती. आबांनी तो तुकडा नाकाशी नेला, डोळे मिटले आणि हुंगलं. मग माझ्याकडं दिला. मीही हुंगलं. खोबरेल. त्या नव्या राळेच्या वासातून सरळ वर येणारं, आमच्या घरचं खोबरेल. लाकूड मी सोड्यानं तीन-तीनदा धुतलं आणि हात तेलाचे ठेवले. वहिनीला ते पहिल्या नजरेतच कळलं असणार, कारण ती माझ्या पंजांकडं बघत होती. तिनं ओरडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी तिच्याशी कडाकडा भांडले असते. तिनं माझी चूक पदरात घेतली आणि मला भांडायलाही जागा ठेवली नाही. त्या क्षणी मला ती जितकी नकोशी वाटली तितकी नंतर कधी वाटली नाही.

उजवी बाजू पुन्हा खरवडून तिनंच केली. मी मदतीला उभी राहणार होते, पण तोवर माझ्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली होती. आधी वाटलं काचेच्या कापडाची कूस लागली असेल. मग पुरळ उठलं, मग कोपरापर्यंत कातडी लाल होऊन फुटली, जिथपर्यंत तेल चोळलं होतं अगदी तिथपर्यंत. डोळे सुजून मिटले. आयनं हळद लावली, लिंबाचा पाला लावला. शेवटी दादानं बाजारातल्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी सगळं विचारून घेतलं आणि सांगितलं, "हा माल पुन्हा अंगाला लागू द्यायचा नाही. एकदा कातडीनं धरलं की ती विसरत नाही. पुढं पुढं नुसत्या वासानंही उठेल." आज हे सगळे जाणतात. त्या मालाच्या डब्यांवर हातमोज्यांची चित्रं छापलेली असतात, मास्क लावा म्हणून लिहिलेलं असतं. तेव्हा आमच्या डब्यावर जे काही होतं ते इंग्रजीत होतं, आणि मराठीत सांगणारी एकच होती, तिचं मी ऐकणार नव्हते.

अमावास्येला उधाण आलं. हातांना फडकी गुंडाळून मी मागच्या दारात बसले होते. डोळ्यांच्या फटीतून दिसलं, मचवा हलला, तरला, चाचा आत उतरून तळाला हात लावून आले आणि कोरडा हात वर करून ओरडले, "सूखा! एकदम सूखा!" सगळे हसत होते आणि वहिनी मान मागं टाकून हसत होती. आबा परत येऊन माझ्याजवळ बसले. मग म्हणाले, "नमे, तू आता शेडात येव नको. तिकरं सगली हीच राळ ऱ्हाणार. लोकं हीच मांगतात." मी विचारलं, "आनी कढईची?" ते म्हणाले, "कढईची कोन मांगते आता?" त्यांनी माझ्या फडक्यांना हात लावला नाही, दुखेल म्हणून. मला वाटलं, लावायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी वहिनीनं तो मोज्यांचा जोड धुऊन माझ्या खुंटीवर टांगला. मी तो जोड घेतला आणि खाडीत भिरकावला. ओहोटीला तो चिखलात अडकून बसलेला दिसला. ती गुडघाभर चिखलात उतरली, मोजे उचलून आणले, उलटे करून वाळवले आणि पुन्हा स्वतः घालायला लागली. मला तिनं एका शब्दानं विचारलं नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही. पुढं ती त्या शेडाची मालकीणच झाली म्हणा ना. ऊरणपासून होड्या यायला लागल्या, लोक 'हौसाबायचा हात' म्हणून यायचे. आबा तिच्याशी भांडायचे, हुज्जत घालायचे, परातीवर वाकून दोघं माप बघायचे. मी घरातून ते बोलणं ऐकत भाकऱ्या थापायचे. वारा खाडीकडून असला की तो वास यायचा आणि माझी मनगटं खाजायला लागायची. मग मी मागचं दार लावून घ्यायचे. माझं लग्न झालं, नेऱ्याला दिली मला, डोंगराच्या पायथ्याला, जिथं खाडी दिसतही नाही. सासर चांगलं होतं. पण माझ्या जागी दुसरी कुणी होती हे मी तिथंही विसरले नाही.

आता खाडी गाळानं भरली, बंदर गेलं, मीही नेऱ्याहून वहिनीच्या सोसायटीत राहायला आले, आणि ही राळ कुठं आली म्हणता? बैठकीच्या खोल्यांत. वहिनीची नातसून रेझिनचे ट्रे करते, आत सुकलेली फुलं घालून, आणि मोबाइलवरून विकते. परवा ती वर आली आणि मला लांबूनच म्हणाली, "आजी, दार लावून घ्या हां, आम्ही आज माल कालवतोय." दार लावलं तरी आवाज येतो. वहिनी खुर्चीत बसून ओरडत होती, "खोल भांड्यात नको गो! परात घे, परात! मोजे घातलंस का?" आणि ती पोरगी हसत होती, आणि वहिनीही. मी गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. मनगट खाजत होतं. डॉक्टर म्हणाले होते ते खरं आहे, कातडी विसरत नाही.

पण एक गोष्ट माझ्यापाशी आहे. आबा शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा मी नेऱ्याहून येऊन राहिले होते. त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. दादाला ते हसनचाचा समजायचे, वहिनीच्या हातून जेवायचे पण ती कोण हे विचारायचे. मी आल्याचं तर त्यांना कळलंच नव्हतं. एका दुपारी वहिनी बाजारात गेली होती, दादा ओटीवर झोपला होता. मी आबांचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत होते. त्यांनी माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट धरलं. माझा हात नाकाशी नेला, तो फुटून फुटून खरबरीत झालेला तळहात, ज्याला कित्येक वर्षांत राळ लागली नव्हती, ज्याला नुसता साबणाचा वास होता. डोळे मिटले आणि हुंगला. मला वाटलं, आता म्हणतील, होऊ दे अजून जरा.

ते म्हणाले, "झाली. कार आता."

वहिनी बाजारातून आली आणि तिनं ओट्यावरूनच ओरडून विचारलं, "आबा काय बोलले का गो काही?" मी सांगितलं, नाही, काही बोलले नाहीत. आजपर्यंत तिला तेच सांगत आले आहे.